आवाज कुठं बंद करायचा

चैत्र निम्मा सरला की आमच्या भागात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. रस्त्याला टँकर दिसायला लागतात आणि गावागावांत मांडव. पावसानं बरी साथ दिली असेल तर टँकर जरा उशिरा येतात, मांडव मात्र वेळेवर. ऊसतोडीला गेलेली माणसं परतली की लग्नांना जोर चढतो, कारण लग्नाला माणूस लागतो आणि आमची अर्धी माणसं हिवाळाभर दुसऱ्याच्या उसात असतात. मागचा पावसाळा कोरडा गेला. आता सकाळी दारात उभं राहिलं की चौसाळ्याकडून येणारा टँकर दिसायच्या आधी ऐकू येतो. भरलेला असला तर दमानं येतो, रिकामा खडखडत जातो. मला हे कळतं त्यात नवल नाही. माझा धंदाच आवाजाचा आहे.

मी लग्नात डीजे वाजवतो. टेम्पोवर मागच्या बाजूला ‘बीए साउंड’ असं रंगवलेलं आहे. ते नाव मी ठेवलेलं नाही, लोकांनी ठेवलं. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. मराठी आणि इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि स्पीकर वाहायला लागलो, तेव्हा पारावर हसणारे म्हणायचे, ‘बीए आला बे, बीएचा साउंड आला.’ मी तेच पेंटरकडून टेम्पोवर लिहून घेतलं. चिडवणाऱ्याचा शब्द आपण स्वतःच रंगवून घेतला की त्याच्याकडे काही उरत नाही.

हे आठ दिवस घरात मी दोन गोष्टींकडे आळीपाळीनं बघत बसलो आहे. टेबलावर एक फॉर्म आहे. आणि खाली जमिनीवर, पिठाच्या थरावर, एक दिवा आहे.

दिवा दादांचा. दादा म्हणजे माझे वडील. आज आठवा दिवस. ज्या जागेवर ते गेले तिथं पीठ पसरून दिवा लावला आहे, वाऱ्यानं विझू नये म्हणून वर टोपलं पालथं घातलं आहे. तेराव्यापर्यंत तो जपायचा. आई सहा वर्षांपूर्वीच गेली. लग्न माझं झालं नाही. दुसऱ्यांची शेकड्यानं लावली, पण डीजेवाल्याला पोरगी द्यायची म्हटलं की बाप लोक पाणी प्यायला उठतात. बहीण तिसरा दिवस करून सासरी गेली, दहाव्याला येईल. तिच्या गावात टँकर तीन दिवसांआड येतो. ती इथं बसून राहिली तर तिथली भांडी कोण भरणार? तेव्हा तेल घालायचं काम माझं एकट्याचं. दर दोन तासांनी टोपलं उचलायचं, वात पुढं सारायची, टोपलं ठेवायचं. ह्या आठ दिवसांत मी इतका कमी बोललो आहे की स्वतःचाच खोकला दुसऱ्याचा वाटतो.

फॉर्म आहे संभाजीनगरच्या लग्न-प्रदर्शनाचा. दहा बाय दहाची जागा, एक टेबल, दोन खुर्च्या, मागं बॅनर. सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. प्रदर्शन भरवणाऱ्या मॅडमचा दोनदा फोन आला. त्यांना दादांचं सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, ‘तुमचं वेगळेपण काय, ते दोन ओळींत द्या ना सर, बॅनरसाठी.’ मग म्हणाल्या, ‘आणि सर, ते बीए काढून टाकू या का? इव्हेंट्स वगैरे लावू. शहरातल्या क्लायंटला बीए म्हणजे कळत नाही.’

मी म्हणालो, बघतो.

मागच्या वर्षी मी आणि सलीमभाई ते प्रदर्शन बघायला गेलतो. सलीमभाई गेवराईचा. सुतारकाम त्याचं वडिलोपार्जित, पण गेली वीस वर्षं तो स्पीकरची खोकीच करतो. माझं पहिलं खोकं त्यानंच केलं आणि पहिले दोन हंगाम माझ्याबरोबर टेम्पोत बसून गावोगाव फिरलाही. त्या दोन हंगामांनी आणि नंतरच्या रोजच्या चाचणीनं त्याचे कान गेले. आता डाव्या कानानं अजिबात नाही, उजव्यानं ओरडलं तर. त्या हॉलमध्ये गारेगार हवा, पायाखाली गालिचा, फुलांची कमान. सगळ्यांत मोठ्या डीजेच्या स्टॉलवर निळ्या उजेडात पाच खोकी एकावर एक रचलेली, आणि आवाज कसलाच नाही. हॉलमध्ये मोठ्यानं वाजवायला बंदी होती. येणारी जोडपी कानाला हेडफोन लावायची, पडद्यावर फिल्म बघायची, मान डोलवायची. सलीमभाईनं सवयीनं खोक्यावर तळहात ठेवला. तो आता असाच ऐकतो, हातानं. मग त्यानं बोटानं टकटक केलं आणि माझ्याकडे वळून, बहिऱ्या माणसाच्या अंदाजानं म्हणजे सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘ह्यात तर कायबी न्हाई बे! नुसतं खोकं हाय! आतून रिकामं!’

स्टॉलवरचा पोशाखी माणूस हसून म्हणाला, ‘डिस्प्लेसाठी आहे, चाचा.’

परतीच्या वाटेवर सलीमभाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, ‘तिथं लोक बघायला येत्यात. ऐकायला कोन येतंय? पर तू जा. कावून की हितं बी आता ऐकनारं कोन ऱ्हायलंय?’

त्याचंही खरं आहे. मंगल कार्यालयांनी आपापले स्पीकर बसवून घेतले. दुष्काळाच्या वर्षी लोक दोन-तीन लग्नं एकाच मांडवात उरकतात. ज्या गावात मी एका हंगामात सहा वरातींपुढं वाजवलं, तिथं यंदा एक. प्रदर्शनात नाही गेलो तर चार-दोन वर्षांत टेम्पोत भाजीचे क्रेट भरावे लागतील, हे मला कळतं. फॉर्म म्हणूनच फाडला नव्हता.

पण सोमवार जवळ येत गेला तसा मला तो पहिलाच हंगाम आठवत राहिला.

तोही दुष्काळच होता. माझा बी.ए.चा निकाल लागला आणि त्याच साली कारखान्याचा बॉयलर पेटला नाही. आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यात दादा बॉयलरवर होते, आणि भोंगा त्यांच्या हातात होता. पाळी बदलायच्या वेळेला ते दोरी ओढायचे आणि तो आवाज आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांवरून जायचा. बाया त्या भोंग्यावर भाकऱ्या टाकायच्या, शाळेतले गुरुजी त्या भोंग्यावर घड्याळ लावायचे. लहानपणी मी अंगणात उभा राहून पोरांना सांगायचो, ‘आमच्या दादानं वाजवला.’ त्या साली ऊसच नव्हता. कारखान्याच्या आवारात जनावरांची छावणी उघडली आणि दादांना चारा वाटायला बसवलं. पण पाळीची वेळ झाली की घरात असले तरी त्यांचा उजवा हात आपोआप वर जायचा, डोक्याच्या थोडा वर, आणि मग काही नाही म्हणून गाल खाजवून खाली यायचा. मी ते पुष्कळदा बघितलं. विचारलं कधीच नाही.

माझा डीजे त्यांना पटला नाही. पहिल्यांदा अंगणात लावून दाखवला तेव्हा ते शेवटपर्यंत ऐकत बसले आणि म्हणाले, ‘भोंगा वाजला की मानसं कामाला जायची. तुझं वाजलं की काम सोडून येतेत.’

त्या हंगामातली लग्नं मला त्यांच्या धुळीवरून आठवतात. पत्रिकेवर खाली लिहिलेलं असायचं, ‘पाण्याची सोय केली आहे.’ वरात निघाली की पायांखालून माती उठायची ती तासभर खाली बसायची नाही. आवाजाच्या मिक्सरवर ओला फडका टाकावा म्हटलं तर ओलं करायला पाणी नसायचं. एका गावात परण्या निघाला होता. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला जातो ती मिरवणूक. ऐन वेशीत नाच रंगात आला होता आणि मागून कुणीतरी ओरडलं, ‘टँकर आला!’ डोळ्यांदेखत सगळी वरात फुटली. नाचणारे, करवल्या, नवरदेवाचा चुलता, घोडेवालासुद्धा लगाम एका खांबाला अडकवून पळाला. मी गाणं बंद केलं. रिकाम्या रस्त्यावर बाशिंग बांधलेला नवरदेव, घोडा आणि मी. नवरदेव वरूनच खाली वाकून म्हणाला, ‘भाऊ, वाजवा ना. असं गप गप लई कसंतरी वाटायलंय.’

मी वाजवलं. पाऊण तास, एका माणसासाठी. त्याला उतरता येत नव्हतं, मला जाता येत नव्हतं. तेवढं एकटं मी तोवर कधी कुणाला बघितलं नव्हतं. आता आरशात बघतो.

पण आठवणारी खरी गोष्ट त्याच्या पुढच्या आठवड्यातली. दुसरं गाव, अरुंद गल्ली, परण्याच. गाणं जोरात होतं आणि एका वळणानंतर नाचणाऱ्यांचे पाय हळूहळू थांबायला लागले. हात खाली आले. कुणी मागं वळून माझ्याकडे बघत होतं. मला वाटलं, गाणं पडलं. नवा होतो, शिकलेला होतो, मला सगळं कळतं असं वाटायचं. मी गाणं बदललं आणि आवाज होता त्याच्यापेक्षा वाढवला. बेस पूर्ण वर नेला. डाव्या हाताच्या घरावरचे पत्रे थरथरायला लागले, तरी कुणी नाचेना. म्हणून आणखी थोडा वाढवला.

त्या घरातून एक म्हातारा बाहेर आला. डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळलेला. टेम्पोजवळ येऊन हात जोडून उभा राहिला. मी आवाज खाली केला तेव्हा त्याचं वाक्य अर्धं होऊन गेलेलं होतं. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, न रागावता: ‘मालक, जरा हळू करता का? आतमधी दिवा हाय. तुमच्या आवाजानं विझायलाय. दोनदा लावला.’

त्याची बायको जाऊन चार दिवस झाले होते. गावात सगळ्यांना माहीत होतं. मयताच्या दारावरून वरात जाताना वाजवायचं बंद करायचं, माणसांनी गुपचूप चालत जायचं, पुढं गेलं की पुन्हा सुरू करायचं, ही रीत मलाही माहीत होती. आमच्या गावातही तीच रीत. फक्त ते घर मला माहीत नव्हतं, आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. इतिहास शिकलेल्या माणसानं गल्लीत शिरताना एवढं विचारलं नाही की, बाबांनो, इथं कोण गेलंय?

सलीमभाई शेजारी बसला होता. गाव सुटल्यावर त्यानं मागच्या खोक्याकडे बोट केलं. मग म्हणाला, ‘खोकं मी केलं. त्याच्यातनं काय निघंल ते तुझ्यावर हाय.’

तेव्हापासून माझी एक पद्धत झाली. गावात पोचलं की टेम्पो वेशीला लावायचा आणि वरातीची सगळी वाट आधी पायी चालून यायची. कटिंगच्या दुकानात विचारायचं, पिठाच्या गिरणीत विचारायचं, ‘बंद कुठं करायचं?’ लोक लगेच सांगतात. अमक्याच्या दारात, त्या बोळाच्या तोंडाशी, पिंपळाजवळच्या घरात बाई बाळंत झालीय, तिथं जरा कमी. सुरुवातीला वरपक्षाचे लोक हसायचे, ‘बीए वाट मोजतोय.’ पुढं पुढं तेच सोबत चालायला लागले. एवढ्या वर्षांत गाणी किती बदलली, मशीन बदललं, टेम्पो बदलला. मला आज विचाराल की तुला नक्की काय येतं, तर मी सांगेन, आवाज कुठं बंद करायचा ते येतं.

हे बॅनरवर कसं लिहायचं? गारेगार हॉलमध्ये, हेडफोन लावलेल्या जोडप्याला कसं दाखवायचं? फॉर्मवर ‘वेगळेपण’ ह्या शब्दापुढं मी पेन टेकवून दोनदा बसलो, आणि दोन्ही वेळा तेल घालायची वेळ झाली म्हणून उठलो. खरं म्हणजे झाली नव्हती. आणि त्याहून खरं असं की, मला स्वतःलाच खात्री नव्हती. असं मयताच्या दारापाशी आवाज थांबवण्याचं कुणाला काही वाटतं का? का आपणच एकदा चुकलो म्हणून जन्मभर उगाच थांबत आलो? आतल्या माणसाला मी कधी विचारलं नाही. तसं विचारताही येत नाही.

परवा, दादांच्या सहाव्या दिवशी, आमच्याच गल्लीत लग्न होतं. रंगनाथकाकांच्या थोरल्याचं. काका आमच्या भावकीतले नाहीत, त्यांना सुतक नाही. पण घर आमच्यानंतर पाचवं. त्या लग्नाला मीच वाजवणार होतो, माघातच बोलणं झालं होतं. दादा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी काका येऊन बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

‘पत्रिका वाटून झाल्यात,’ ते म्हणाले. ‘पुढं ढकलावं का? तू म्हनशील तसं.’

‘ढकलू नका काका. माणसं पुन्हा गोळा व्हायची नाहीत.’

‘मग वाजवू न्हाई. नुसतं सनई लावतो मोबाईलवर.’

‘वाजवा. परण्या मुका नसावा. दादांना आवडलं नसतं.’

काका टोपीकडे बघत हसले. ‘दादाला तुझा डीजे कवा आवडला होता?’

मलाही हसू आलं. ह्या आठ दिवसांतलं तेवढंच. त्यांनी बाहेरचा एक डीजेवाला ठरवला. कोण, कुठला, मी विचारलं नाही. आणि आमच्या दारावरून जाताना काय करा, तेही सांगितलं नाही. ते आपण होऊन सांगायचं नसतं. सांगून बंद करायला लावलेला आवाज म्हणजे तक्रार झाली.

परण्या ऊन उतरायला लागल्यावर निघाला. मी दिव्याजवळ भिंतीला टेकून बसलो होतो. पहिल्यांदा आवाज कानाला आला नाही, पाठीला आला, भिंतीतून. मग कपाटातल्या वाट्या बोलायला लागल्या. मला सगळं कळत होतं: खोकी चार, दोन जुनी, डावीकडचं एक फुटलेलं, बेस गरजेपेक्षा वर. नवा माणूस. मी टोपलं उचलून बाजूला ठेवलं. का ते सांगता येणार नाही. मला ती ज्योत बघायची होती. ती सरळ होती, मग वाकली, मग प्रत्येक ठोक्याला वाकायला लागली. मी दोन्ही तळहातांचा आडोसा केला. हात असे तिच्याभोवती धरले आणि वीस वर्षांपूर्वीचा तो म्हातारा मला पहिल्यांदा आतून दिसला. तोही असाच बसला असणार. दोनदा लावला, म्हणाला होता.

आवाज गिरणीपाशी आला. वळणावर आला. आणि बंद झाला.

गाण्याच्या मधेच, एकदम. मग नुसती माणसं. चपलांचा आवाज, घोड्याच्या पायातले घुंगरू, एका बाईनं लेकराला ‘शूऽ’ केलेलं. कुणीतरी आमच्या दारासमोर थांबलं, नमस्कार केला असावा, पुढं गेलं. टेम्पोचं इंजिनसुद्धा हळू. पन्नास-साठ माणसं आमच्या घरावरून नुसती चालत गेली. ज्योत सरळ झाली. माझ्या हातांना तिची ऊब लागत होती. दादांच्या भोंग्यानं पंचवीस गावं हलायची, आणि त्यांच्यासाठी अख्खी गल्ली एका मिनिटापुरती गप्प झाली होती. मी आजवर शेकडो दारांपुढं थांबलो, पण थांबणं ऐकू येतं, हे मला तेव्हा कळलं. सहा दिवस न आलेलं रडू तेव्हा आलं. ऐकायला कुणी नव्हतं ते बरंच.

फॉर्मचा निकाल तिथंच लागला. मग सोमवारची वाट बघितली नाही. आज सकाळी मॅडमना फोन करून सांगितलं, मला जमणार नाही. त्या चांगल्या आहेत, म्हणाल्या, ‘सर, जागेचा प्रॉब्लेम असेल तर कोपऱ्यातला स्टॉल देते.’ मी म्हणालो, ‘जागेचं नाही. माझ्याकडं जे आहे ते दहा बाय दहात दाखवता येत नाही.’ बोलून झाल्यावर जरा जड वाटलं. टेम्पो अंगणात उभा आहे, पुढच्या वर्षी त्यात काय भरायचं ते माहीत नाही. सलीमभाईला हे सांगितलं तर तो सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडेल, ‘मूर्ख हायेस बे!’ ओरडू दे. नाव मात्र टेम्पोवर आहे ते आहे.

एक गोष्ट राहिली होती, ती दुपारी केली. रंगनाथकाकांकडून त्या डीजेवाल्याचा नंबर घेतला. आवाजावरून तिशीतला वाटला, मागं रस्त्याचा गोंगाट.

मी विचारलं, ‘परवा आमच्या गावात वाजवलंस ना? गल्लीत मधेच बंद केलं होतंस. कुणी सांगितलं होतं?’

तो जरा घाबरला. ‘का हो, काय चुकलं का? आल्याबरोबर वाट चालून बघितली होती मी. गिरणीत इचारलं, बंद कुठं करायचं म्हनून. आमच्या लाईनीत ती पद्धतच हाय.’

‘कुणी पाडली पद्धत?’

‘कुणी न्हाई. पैल्यापासून हाय.’

 पद्धत माझी, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या कुणालाही सुचली असेल, ज्याचा त्याचा म्हातारा ज्याला त्याला भेटला असेल.

‘चुकलं काही नाही,’ मी म्हणालो. ‘फक्त परत चालू लवकर केलंस. लिंबापाशी केलंस. तिथून आवाज भिंतीला लागून मागं येतो. आडाच्या पुढं गेल्यावर करत जा. दिवा हलतो.’

‘बरं,’ तो म्हणाला. मग म्हणाला, ‘तुमी कोन बोलता?’

‘ज्याच्या दारात बंद केलंस, तो.’

पलीकडं बराच वेळ काही वाजलं नाही.